सोरायसिस गेला, परत आला… आणि मध्ये श्रेय कोण घेऊन गेलं?

ज्यांना बसमध्ये, लेक्चरला किंवा लूमच्या खडखडाटात ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले 'अं… अं…' काढून टाकलेत.

आजचा विषय कातडीचा आहे. माझ्याच कातडीचा.

मी मालेगावचा, हे तुम्हाला माहितीच आहे. बारावीत होतो. डिसेंबरची थंडी. उजव्या कोपरावर रुपयाएवढा एक चट्टा उठला. लालसर, जाड, वर चंदेरी पापुद्रा. खाजवला की कोंड्यासारखा भुगा पडायचा. आजीने हात धरून बघितला आणि अहिराणीत विचारलं, "हाई काय व्हयनं रे भाऊ तुले?" मला काय माहीत! मित्र म्हणाला, गजकर्ण आहे. मेडिकलमधून एक ट्यूब आणली. आठ-दहा दिवसांत चट्टा जवळजवळ गायब. मी खूश. ट्यूब संपली, आणि पंधरा दिवसांत तोच चट्टा दुप्पट होऊन आला. सोबत डाव्या कोपरावर एक, गुडघ्यावर एक, आणि डोक्यात केसांखाली जाड थर. कटिंगला गेलो तर दुकानदाराने कंगवा बाजूला ठेवला. बोलला काहीच नाही, पण मला कळलं.

मग कोणीतरी एका माणसाचं नाव सांगितलं. पुड्या द्यायचा. "जडसे खतम," असं छातीठोक सांगायचा. मार्चमध्ये पुड्या सुरू केल्या. वांगं बंद, दही बंद, मासे बंद. एप्रिलच्या शेवटी कातडी साफ! मी इतका भारावलो की ओळखीतल्या तिघांना त्याच्याकडे पाठवलं.

पुढच्या डिसेंबरला सगळं परत आलं. मी धावत गेलो, तर तो म्हणाला, "तू पथ्य मोडलंस." आणि मंडळी, मी ते मानलं. दोन वर्षं मी स्वतःलाच दोष देत होतो, की लग्नात खाल्लेल्या त्या एका वाटी दह्याने माझी वाट लावली.

नंतर शिकायला नाशिकला गेलो, तिथे पहिल्यांदा त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "त्या एप्रिलमध्ये तू दिवसभर काय करायचास?"

काय करणार! बारावीची परीक्षा संपलेली. सकाळी आईच्या हाताखाली गच्चीवर कुरडया-पापड वाळत घालायचे, उघड्या अंगाने. मग मैदानावर क्रिकेट. मालेगावचा उन्हाळा तुम्हाला माहितीये, पारा बेचाळीसच्या पुढे सहज जातो. मॅडम हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे तू महिनाभर फुकटात प्रकाश-उपचार घेतलेस, आणि पैसे पुडीवाल्याला दिलेस."

आजचा भाग या एका वाक्यावर उभा आहे. सोरायसिस हा ये-जा करणारा आजार आहे. तो आपणहून कमी होतो, आपणहून वाढतो. त्यामुळे तो कमी होत असताना जो कोणी शेजारी उभा असेल, श्रेय त्याला मिळतं. हे एकदा समजलं की फसवणूक कशी होते तेही समजतं, आणि शास्त्रज्ञांना याचं कारण शोधायला एवढा वेळ का लागला, तेही.

आधी हे, की तो काय नाहीये

सोरायसिस हा संसर्ग नाही. हात मिळवून, एका ताटात जेवून, एकाच टॉवेलने अंग पुसून, सलूनच्या कंगव्याने तो पसरत नाही. रक्त 'खराब' झाल्यामुळे होत नाही. अस्वच्छतेमुळे होत नाही.

गजकर्ण म्हणजे बुरशी. त्याचा चट्टा बहुतेक वेळा गोल, कडेला जास्त लाल आणि मधून साफ होत जाणारा असतो. तो एकाकडून दुसऱ्याला होतो. सोरायसिसचा चट्टा सगळीकडे सारखाच जाड असतो, कडा स्पष्ट, वर चंदेरी खपल्या. आवडत्या जागा म्हणजे कोपर, गुडघे, डोकं आणि कंबरेचा मागचा भाग. आपल्या सावळ्या कातडीवर तो लाल दिसेलच असं नाही, जांभळट किंवा तपकिरीही दिसतो. म्हणून इंटरनेटवरचे गोऱ्या कातडीचे फोटो बघून स्वतःच निदान करू नका.

आणि घरात हळू आवाजात विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "कुष्ठ तर नाही ना?" हा गोंधळ फार जुना आहे. युरोपातही शेकडो वर्षं दोन्ही आजार एकाच नावाखाली मोजले जायचे. इंग्लंडच्या रॉबर्ट विलान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या चट्ट्यांचं नीट वर्णन केलं, आणि १८४१ मध्ये व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी सोरायसिसला कुष्ठरोगापासून स्पष्ट वेगळं काढलं. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर सहसा स्पर्श कळत नाही, बधिरपणा असतो. सोरायसिसमध्ये स्पर्श कळतो, उलट खाज आणि आगही होते. तसं बघितलं तर कुष्ठरोग आता औषधांनी पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात ती औषधं मोफत मिळतात. म्हणजे घाबरायचं कारण तिथेही नाही.

माग बिघडलाय की ऑर्डर चुकलीये?

आता कारणाकडे येऊ. आपली कातडी सतत नवी होत असते. खालच्या थरात पेशी तयार होते, हळूहळू वर सरकते, पक्व होते, आणि साधारण अठ्ठावीस दिवसांत वरून निघून जाते. आपल्या लक्षातही येत नाही. सोरायसिसच्या चट्ट्यात हाच प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो. पेशी अर्धवट, कच्ची असतानाच वर येऊन साचते. तीच चंदेरी खपली.

मालेगावच्या भाषेत सांगतो. माग ठरलेल्या गतीने चालला तर कापड घट्ट निघतं. पण पेढीवरून सारखे फोन यायला लागले, 'माल पाहिजे, आत्ता पाहिजे,' तर कारागीर माग पळवणार, आणि कापड निघणार विरळ. बघणारा म्हणणार, माग खराब आहे. शास्त्रज्ञही बरीच दशकं हेच म्हणत होते. कातडीच्या पेशी फार वेगाने वाढतात, म्हणजे दोष कातडीत आहे. त्यामुळे औषधंही वेग कमी करणारी. १९२५ मध्ये अमेरिकेत गोकरमन नावाच्या डॉक्टरांनी कोलटार आणि अतिनील किरण एकत्र वापरले, फरक पडला. १९५१ मध्ये संधिवाताच्या रुग्णांना पेशींची वाढ रोखणारं एक औषध दिलं, तर त्यांच्यातल्या काहींचा सोरायसिस कमी झाला. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आपण आजही वापरतो.

गोष्ट फिरली १९७९ मध्ये. सायक्लोस्पोरिन नावाचं औषध अवयव-प्रत्यारोपणासाठी होतं. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून ते प्रतिकारशक्तीतल्या टी-पेशींना शांत करतं. ते सोरायसिसचा संधिवात असलेल्या रुग्णांना दिलं गेलं, आणि त्यांची कातडी झपाट्याने साफ झाली. मग प्रश्न उभा राहिला, की टी-पेशींना गप्प केल्यावर कातडी सुधारत असेल, तर दोष नक्की कुणाचा? पुढे अस्थिमज्जा-प्रत्यारोपणाच्या काही केसेस नोंदल्या गेल्या. निरोगी दात्याची मज्जा मिळालेल्या काही रुग्णांचा सोरायसिस गेला; आणि दात्यालाच सोरायसिस होता, अशा काहींना तो नव्याने झाला. कातडी तीच होती, बदलली होती ती रक्तातली प्रतिकारशक्ती.

म्हणजे माग ठीक होता, ऑर्डर चुकीची होती.

आज ती फोनची साखळी बरीचशी माहीत झालीये. प्रतिकारशक्तीच्या काही पेशी आयएल-२३ नावाचा संदेश सोडतात, त्याने विशिष्ट टी-पेशी पेटतात, त्या आयएल-१७ सोडतात, आणि कातडीच्या पेशी तो ऐकून धडाधड वाढायला लागतात. त्याच वाढलेल्या पेशी पुन्हा प्रतिकारशक्तीला बोलावणं धाडतात. असं चक्र सुरू होतं.

मग मलाच का?

घरात विचारलं तर आधी सगळे म्हणाले, आपल्याकडे कोणालाच नाही. नंतर कळलं, आजोबांच्या भावाला 'काहीतरी' होतं. आनुवंशिकता आहेच. सहाव्या गुणसूत्रावर एचएलए-सी नावाचं जनुक आहे, त्याचं एक रूप लहान वयात सुरू होणाऱ्या सोरायसिसशी घट्ट जोडलेलं आहे. त्याशिवाय साठहून जास्त जागा सापडल्यात, ज्या थोडा-थोडा धोका वाढवतात. पण जनुक म्हणजे निकाल नव्हे. हुबेहूब जुळ्या भावंडांतही कित्येकदा एकाला होतो आणि दुसऱ्याला आयुष्यभर होत नाही.

जनुकांनी बारूद ठेवली, तरी ठिणगी बाहेरून लागते. माहीत असलेल्या ठिणग्या या: घशातला स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग, ज्यानंतर मुलांच्या-तरुणांच्या अंगावर अचानक थेंबासारखे शेकडो ठिपके उठतात. मानसिक ताण. सिगारेट-बिडी, दारू, वाढलेलं वजन. लिथियम, रक्तदाबाची बीटा-ब्लॉकर, मलेरियाची काही औषधं. (औषध मनाने बंद करायचं नाही, डॉक्टरांना विचारायचं.) आणि जखम! खरचटलं, भाजलं, टॅटू काढला, की नेमक्या त्याच रेषेत चट्टा उठू शकतो. एकोणिसाव्या शतकात हाइनरिक कोबनर यांनी हे पहिल्यांदा मांडलं, म्हणून याला कोबनरचं नाव आहे. म्हणून खपल्या नखांनी काढू नका. मी काढायचो. अभ्यास करताना कोपर टेबलावर घासत बसायचो, तेही त्यातलंच.

माझं दही मात्र निर्दोष होतं.

हा आजार चालतो कसा

सोरायसिस कोणत्याही वयात सुरू होतो, पण दोन मोठ्या लाटा दिसतात. एक सोळा ते बावीसच्या आसपास, म्हणजे तुम्ही-आम्ही, आणि दुसरी साठीच्या जवळ. दहापैकी साधारण नऊ जणांना जाड चट्ट्यांचा प्रकार असतो. ठिपक्यांचा प्रकार बऱ्याचदा काही आठवड्यांत-महिन्यांत आपणहून ओसरतो. क्वचित संपूर्ण अंग लाल होतं, किंवा पूचे बारीक फोड एकदम उठतात. तेव्हा थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल.

बहुतेकांना हिवाळ्यात वाढतो, उन्हाळ्यात कमी होतो. कधी महिने, कधी वर्षंही शांत राहतो. पण परत आला की जुन्याच जागी का येतो? त्याचंही उत्तर अलीकडे मिळालंय. चट्टा गेल्यावरही त्या जागी काही टी-पेशी मुक्काम ठोकून राहतात. त्यांना 'आठवण' असते. वरून कातडी एकदम नितळ, पण आत शिपाई बसलेले. ठिणगी मिळाली की तिथूनच सुरुवात.

आता पुडीवाल्याचं गणित बघा. माणूस औषध शोधायला कधी निघतो? आजार सगळ्यात वाढलेला असतो तेव्हा, हिवाळ्याच्या टोकाला. त्यानंतर बऱ्याचदा तो थोडाफार उतरणारच असतो. साफ झाला तर पुडीमुळे, परत आला तर तुमच्या पथ्यामुळे. या खेळात तो कधीच हरत नाही. म्हणूनच खऱ्या संशोधनात रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करतात. एकाला औषध, दुसऱ्याला तसंच दिसणारं, औषध नसलेलं इंजेक्शन किंवा गोळी. आणि कोणाला काय मिळालं हे रुग्णाला आणि डॉक्टरला, दोघांनाही माहीत नसतं. त्या दुसऱ्या गटातही काही जण सुधारतात! तो सुधार वजा केल्यावर जे उरतं, तेवढंच औषधाचं.

ताईची बोटं

आता आजचा भाग करायचं खरं कारण सांगतो. माझी एक चुलत बहीण आहे. ताई शिवणकाम करते. गेल्या वर्षी तिची बोटं दुखायला लागली. सकाळी उठल्यावर तासभर मूठच मिटेना. उजव्या हाताचं एक बोट मुळापासून टोकापर्यंत सुजलं. सगळे म्हणाले, मशीनवर जास्त बसतेस. तिने तेल लावलं, शेकलं. दिवाळीत मी तिचे हात बघितले. नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे. मी विचारलं, "ताई, अंगावर कुठे चट्टे आहेत का गं?" ती गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "केसांत आहे. सहा वर्षं झाली. कोणाला सांगू नको, स्थळं बघतायत."

सहा वर्षं! आणि मी तिच्याच घरी येऊन माझ्या पुड्यांच्या गोष्टी सांगायचो.

सोरायसिस असलेल्यांपैकी तीस टक्क्यांपर्यंत लोकांना सांध्यांचा आजार होऊ शकतो, बहुतेकदा कातडीनंतर काही वर्षांनी. वेळेत उपचार झाले नाहीत तर सांधा कायमचा वाकडा होतो. कातडीचा डाग पुसता येतो, झिजलेला सांधा परत येत नाही. ताईच्या एका बोटाचं थोडं नुकसान झालंय. बाकीची वाचली, कारण आता ती उपचार घेतेय.

यावरून मला एक जुना अभ्यास आठवतो. १९६३ मध्ये दिब्रुगडपासून अमृतसरपर्यंतच्या काही मेडिकल कॉलेजांतली सोरायसिसची आकडेवारी एकत्र छापली गेली. त्वचेच्या रुग्णांमध्ये प्रमाण निघालं ०.४४ ते २.२ टक्के. पण हा आकडा कोणाचा? दवाखान्याची पायरी चढलेल्यांचा. गावात, घरात किती आहेत, त्याचा नाही. दुसरी गोष्ट, भारतातल्या दवाखान्यांच्या नोंदींत पुरुष रुग्ण बायकांच्या जवळपास दुप्पट दिसतात. पाश्चात्त्य देशांत प्रमाण साधारण सारखं आहे. आपल्याकडच्या बायकांची प्रतिकारशक्ती काय वेगळी असते? मला तरी वाटतं, त्या दुप्पट आकड्यात माझ्या ताईसारख्या न आलेल्या बायका लपल्यात.

मग करायचं काय?

मी डॉक्टर नाही, हे पुन्हा सांगतो. पण एवढं पक्कं ठेवा.

एक, मेडिकलमधून मनाने ट्यूब आणू नका. माझ्या त्या पहिल्या ट्यूबमध्ये तीव्र स्टिरॉइड होतं. गजकर्ण असतं तर ते आणखी पसरलं असतं; सोरायसिस होता, म्हणून अचानक थांबवल्यावर उसळला. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक स्टिरॉइड मलमांना शेड्यूल एचमध्ये टाकलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. स्टिरॉइड वाईट नाही. योग्य जागी, योग्य दिवस, आणि थांबवायची पद्धत माहीत असेल तर ते चांगलं औषध आहे.

दोन, लेबल नसलेली पुडी नकोच. अशा 'जडीबुटी'त स्टिरॉइड मिसळल्याचं तपासण्यांत आढळलेलं आहे. पोटातलं स्टिरॉइड अचानक बंद झालं, तर तो पूच्या फोडांचा गंभीर प्रकार उसळू शकतो.

तीन, उपचाराच्या पायऱ्या असतात. थोडे चट्टे असतील तर मलमं आणि रोज भरपूर मॉइश्चरायझर, साधं खोबरेल तेलही चालतं. जास्त असतील तर प्रकाश-उपचार: ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण, मोजून-मापून. (म्हणून दुपारी बाराला गच्चीवर भाजून घेऊ नका! भाजलेल्या जागी नवा चट्टा येतो.) त्यापुढे मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्या. इथे कान देऊन ऐका: सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं. चुकून रोज घेतल्याने जीव गेलेले आहेत. गरोदरपणात हे औषध चालत नाही. त्यापुढे आयएल-१७, आयएल-२३ चा फोनच कापणारी इंजेक्शनं. परिणाम जबरदस्त, किंमतही जबरदस्त, आणि सुरू करण्याआधी टीबीची तपासणी हवीच. २०१३ मध्ये बंगळुरूच्या बायोकॉनचं इटोलिझुमॅब याच आजारासाठी भारतात मंजूर झालं. टी-पेशींवरच्या सीडी-६ या खुंटीला धरणारं ते औषध आहे.

चार, कातडीच्या पलीकडे बघा. सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त सांधे आखडतात का, टाच दुखते का, एखादं पूर्ण बोट सुजतं का? वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासा. दीर्घकाळच्या दाहामुळे हृदयाचा धोकाही वाढतो. आणि मन उदास राहत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, तोही याच आजाराचा भाग आहे.

२०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने ठराव करून मान्य केलं, की सोरायसिस हा दीर्घकालीन, वेदना देणारा, असंसर्गजन्य आजार आहे आणि तो कायमचा घालवणारा इलाज अजून नाही. हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आता हलकं वाटतं. 'जडसे खतम'च्या मागे धावणं बंद झालं. आता मी हिवाळ्याआधी तयारी करतो, तेल-मॉइश्चरायझर वाढवतो, अपॉइंटमेंट घेऊन ठेवतो. या डिसेंबरला कोपरावर चट्टा आला, पण रुपयाएवढाच राहिला.

हा भाग रेकॉर्ड करण्याआधी मी ताईला विचारलं, तुझं सांगू का? ती म्हणाली, "नाव घेऊ नको, बोटांचं मात्र नक्की सांग."

तर सांगितलं. तुमच्या घरात कोणी डोक्यावरचा पदर किंवा ओढणी जरा जास्तच घट्ट धरत असेल, बाही सारखी खाली ओढत असेल, तर हा भाग त्यांना पाठवा. ग्रुपवर नको, एकट्याला पाठवा. आणि ज्या तिघांना मी पुडीवाल्याकडे पाठवलं होतं, त्यांच्यापैकी दोघांना फोन करून झालाय. तिसऱ्याचा नंबर शोधतोय.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!